नाणेघाट ते भडोच : एका प्राचीन व्यापारी वाटेचा मागोवा

रोमन साम्राज्याने डोंगराळ मुलखातून बांधलेल्या रस्त्यांचे अवशेष युरोपात आजही आढळतात. महाराष्ट्रावर रोमची सत्ता कधीच नव्हती. तथापि रोमन बाजारपेठेशी जोडलेली एक वाट सह्याद्रीच्या कड्यात कोरलेली आहे. ती वाट म्हणजे नाणेघाट.

जुन्नरच्या पश्चिमेचा हा घाट कल्याण व सोपारा या बंदरांना जुन्नर, पैठण आणि तेर (प्राचीन तगर) या बाजारपेठांशी जोडीत असे. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, घोडे व कार्षापणांच्या संख्या त्यात अंकांत कोरलेल्या आहेत. जवळच्या भव्य दगडी रांजणात जकात जमा होई, असे परंपरा सांगते.

मग या वाटेचा संबंध गुजरातशी कसा? इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात त्याचे उत्तर आहे. भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या प्रवासावर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, असे त्यात म्हटले आहे. पैठणहून अकीकासारखे खडे व तगरहून कापड गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून, भडोचला येई. भडोचला उतरणाऱ्या मालात इटलीचे मद्य, तांबे, कथील, पोवळे व काच असे.

वस्तुतः कल्याण पैठणला अधिक जवळचे. परंतु पूर्वी रीतसर खुल्या असलेल्या या बंदरात येणारी ग्रीक जहाजे पुढे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे हाच ग्रंथ नोंदवितो. यामागे क्षत्रप व सातवाहन यांचे वैर असावे, असे अभ्यासक मानतात. या संघर्षाची अखेर नाशिकजवळील जोगळटेंभी येथे 1906 साली सापडलेल्या नाणेनिधीत दिसते. तेथील तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी बहुसंख्य क्षत्रप नहपानाच्या नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटविला होता. वाटेचे भाग्य केवळ अंतर ठरवीत नाही. सत्ताही ते ठरविते.

या व्यापाराची खूण आपल्या वडोदऱ्यातही आहे. अकोटा, म्हणजे प्राचीन अंकोट्टक, येथे ईरॉसची आकृती असलेली रोमन कांस्यमूठ मिळाली. डॉ. बी. सुब्बाराव यांनी 1953 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या नगराच्या प्राचीनत्वाचा पुरातत्त्वीय शोध घेतला.

वडोदऱ्याचे मराठी लोक आपला येथील इतिहास सामान्यतः अठराव्या शतकातील गायकवाडांच्या आगमनापासून मोजतात. राज्याच्या दृष्टीने ते योग्यच. परंतु दख्खन आणि लाट देश यांचे दळणवळण त्याहून किमान सतरा शतके जुने आहे. त्याचा पाया घातला तो गाडीवानांनी आणि व्यापाऱ्यांनी.