उपकाराची फेड

दारा शुकोहचे नाव निघाले की चर्चा लगेच औरंगजेबाकडे वळते. कोण खरा दीनदार आणि कोण उदार, हा वाद आम्ही शाळेतल्या शिक्षकांमध्येही पुष्कळदा ऐकला आहे. त्या गदारोळात मलिक जीवन मात्र अलगद सुटतो. आम्हाला त्याच्याविषयी बोलायचे आहे.

बोलन खिंडीजवळच्या दादरचा हा जमीनदार. शहाजहान बादशहाने त्याला एकदा हत्तीच्या पायी देण्याचे फर्मान काढले होते. दाराने रदबदली केली म्हणून त्याचा जीव वाचला.

मार्च १६५९ मध्ये अजमेरजवळ दारा हरला. अहमदाबादने त्याला दरवाजे उघडले नाहीत. कच्छ, सिंध करीत तो कंदाहारमार्गे इराणकडे निघाला. दादरच्या सुमारास नादिरा बेगमने प्राण सोडला. सव्वीस वर्षांचा संसार! तिची मय्यत लाहोरला मियाँ मीर यांच्या मजारीजवळ दफन व्हावी म्हणून दाराने उरलेसुरले इमानी शिपाईही तिकडे पाठवले. आता भरवसा होता तो फक्त ज्याला जीवदान दिले त्याच्यावर.

मलिक जीवनने पाहुणचार केला. मग जूनमध्ये पाहुणा खिंडीकडे निघताच त्याला घेरले आणि मुलगा सिपिहर शुकोह याच्यासह औरंगजेबाच्या सरदारांच्या हवाली केले. शाही फौजेची भीती होती, हे मान्य. पण पाहुण्याला वाट मोकळी करून देणे तर हातात होते ना?

ऑगस्टअखेर दाराला मळक्या हत्तिणीवर बसवून दिल्लीत फिरवले. फ्रेंच वैद्य बर्नियर त्या वेळी बाजारात हजर होता. लोक रडत होते, पण सोडवायला एकही हात पुढे आला नाही, असे तो लिहितो. दरबाराने मलिक जीवनला ‘बख्तियार खान’ असा किताब दिला. दरबाराच्या लेखी ही निष्ठाच होती! बाजाराचा हिशेब वेगळा निघाला. मलिक जीवन दिल्लीच्या रस्त्यावर दिसताच लोकांनी त्याच्यावर दगड आणि घाण फेकली, छपरांवरून राख ओतली. काल मुकाट रडणारेच हे लोक. बादशहापुढे त्यांचे काही चालत नव्हते, पण नमकहराम कोण हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही.

३० ऑगस्टच्या रात्री दाराची हत्या झाली. दगडफेकीचीही चौकशी झाली. लोकांना भडकवले म्हणून हैबत नावाच्या एका अहदी शिपायाला पकडले आणि देहदंड दिला. खाफी खानाने त्याचे नाव लिहून ठेवले आहे. बख्तियार खानाचा किताब मात्र कायम राहिला.