बुडालेल्या जहाजांवरील वस्तू उचलण्याची नीती

समुद्रतळाशी पडलेल्या बुडीत जहाजांवरील वस्तू वर काढाव्यात की नाही, काढल्या तर कोणी, कशासाठी आणि कोणती जबाबदारी पत्करून, याविषयीचा विचार. सागरी पुरातत्त्व, समुद्रविषयक कायदा आणि मृतांविषयीचा आदर या तिन्हींशी त्याचा संबंध येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर पाठीवर हवेची टाकी बांधून खोल उतरणारे हौशी पाणबुडे वाढले आणि हा प्रश्न मोजक्या व्यावसायिकांपुरता राहिला नाही.

पुरावा म्हणून जहाज : जमिनीवरच्या वसाहतीत अनेक पिढ्यांचे थर एकमेकांत मिसळलेले असतात. जहाज मात्र एका दिवशी बुडते आणि त्यावरचे सारे त्या दिवसाचे असते. कोणता माल कशाखाली रचला होता, खलाशी कोणत्या भांड्यांत जेवत होते, हे वस्तूंच्या जागांवरूनच कळते. इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ १९९८ मध्ये सापडलेल्या नवव्या शतकातील अरबी बांधणीच्या गलबतात चीनमधील चांगशा येथील हजारो वाडगे होते. त्यांपैकी एकावर इ. स. ८२६ शी जुळणारे चिनी वर्ष कोरलेले आढळले आणि त्यावरून साऱ्या मालाचा काळ ठरवता आला. तोच वाडगा कुणी आधी काढून विकला असता, तर त्याला गिऱ्हाईक मिळाले असते. पण बाकीच्या मालाचा काळ सांगणारा साक्षीदार गेला असता.

जतनाची जबाबदारी : वस्तू वर आली म्हणजे वाचली, हा समज घातक आहे. खाऱ्या पाण्यातील लोखंडात क्लोराइडे मुरतात. हवेत आल्यावर ते झपाट्याने गंजते आणि त्याचे पापुद्रे सुटतात. पाण्याने फुगलेले लाकूड वाळताना आक्रसते आणि पिळवटते. इंग्लंडच्या ‘मेरी रोज’ या १५४५ मध्ये बुडालेल्या युद्धनौकेचे धूड १९८२ मध्ये वर काढण्यात आले. त्यावर आधी पाण्याचे आणि पुढे पॉलिएथिलीन ग्लायकॉल या रसायनाचे फवारे २०१३ पर्यंत चालू ठेवावे लागले. इतका खर्च आणि चिकाटी एखाद्या हौशी पाणबुड्याच्या घरी असणे शक्य नाही.

थिसलगॉर्म : ‘एसएस थिसलगॉर्म’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज ६ ऑक्टोबर १९४१ रोजी तांबड्या समुद्रात जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात बुडाले. त्यावर इजिप्तमधील ब्रिटिश सैन्यासाठी ट्रक, मोटारसायकली, रायफली, बूट आणि दारूगोळा होता. नऊ जण मृत्युमुखी पडले. फ्रेंच सागरसंशोधक झाक-इव्ह कुस्तो यांनी १९५० च्या दशकात ते शोधून त्यावरील काही वस्तू वर आणल्या. १९९० च्या दशकापासून ते पर्यटक पाणबुड्यांचे आवडते ठिकाण झाले. मोटारसायकली ओळीने उभ्याच आहेत; पण सहज सुटणारे, हातात मावणारे सुटे भाग लोक आठवण म्हणून काढून घेऊन गेले. बोटींचे दोर थेट जहाजाला बांधल्याने पत्रे उखडले आणि पाणबुड्यांच्या उच्छ्वासाचे बुडबुडे आत साठून गंज वाढला. ‘मी एकच वस्तू घेतली’ या सबबीचा फोलपणा येथे स्पष्ट दिसतो : एकच वस्तू घेणारे हजारो जण मिळून जहाज रिकामे करतात.

कायदा : युनेस्कोने २ नोव्हेंबर २००१ रोजी पाण्याखालील सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा करार संमत केला, तो २००९ मध्ये अमलात आला. किमान १०० वर्षे पाण्याखाली असलेल्या अवशेषांना तो लागू होतो, ते जागेवरच जतन करणे हा पहिला पर्याय मानतो आणि त्यांच्या व्यापाराला मनाई करतो. ब्रिटन, अमेरिका आणि भारत यांनी तो स्वीकारलेला नाही. ब्रिटनमध्ये सापडलेली वस्तू २८ दिवसांत शासकीय अधिकाऱ्याला कळवावी लागते, तर १९८६ च्या कायद्याने निवडक लष्करी जहाजांना व लष्करी विमानांना संरक्षण दिले आहे. भारतात १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत.

शंभर वर्षांची मर्यादा प्रशासनाच्या सोयीची आहे; तीवरून नीती ठरत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. अशा ठिकाणी वर्षांचा हिशेब करण्याआधी तेथे माणसे बुडाली आहेत, हे ध्यानात घ्यायला हवे. ‘टायटॅनिक’वरून ५,००० हून अधिक वस्तू वर आणल्या गेल्या. तिचा रेडिओसंच काढण्यास अमेरिकी न्यायालयाने २०२० मध्ये दिलेल्या परवानगीवरही, तेथे माणसे बुडाली आहेत, हाच आक्षेप घेतला गेला.

प्रतिवाद : जागेवर सोडलेली वस्तू सुरक्षित राहतेच असे नाही. जावा समुद्रातील डच आणि ब्रिटिश युद्धनौकांचे सांगाडे भंगारासाठी तोडून नेल्याचे २०१६ मध्ये उघड झाले. ‘मेरी रोज’च्या शोधात हौशी पाणबुड्यांचा मोठा वाटा होता. बेलितुंगचा संग्रह व्यापारी कंपनीने काढला, पण सिंगापूरने बहुतांश एकत्र विकत घेतल्याने तो अभ्यासाला उपलब्ध राहिला. तरीही पुरातत्त्वज्ञांच्या हरकतींमुळे अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेने २०११ मध्ये नियोजित प्रदर्शन थांबवले. याउलट १७५२ मध्ये बुडालेल्या ‘गेल्डरमाल्सेन’ या डच जहाजावरील चिनी मातीची एक लाखाहून अधिक भांडी १९८६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या लिलावात जगभर पांगली. या उदाहरणांवरून फरक स्पष्ट होतो : वस्तू काढण्याआधी नोंद झाली का, संग्रह एकत्र राहिला का आणि जतनाची सोय होती का, यावर त्या कृतीचे मोल ठरते. काढणाऱ्याची आवड किंवा धाडस हे त्याचे उत्तर नव्हे.

गोव्याचा अनुभव : गोव्याजवळील सुंची खडकावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या पोर्तुगीज जहाजाच्या अवशेषांची पाहणी केली. तेथे तोफा, चिनी भांडी, हत्तीचे दात आणि पाणघोड्याचे दात सापडले. हे दात एकेकटे शोभेची वस्तू ठरले असते. एकत्र नोंदले गेल्याने आफ्रिकेशी चाललेल्या व्यापाराचा तो पुरावा झाला.

पाणबुड्यांचे वर्तन : मान्य आचार साधा आहे. वस्तूला हात लावू नये, जहाजाला दोर बांधू नये, छायाचित्र घ्यावे, नवे काही दिसल्यास जागा जाहीर न करता संबंधित खात्याला कळवावे. थिसलगॉर्मची हजारो छायाचित्रे जोडून तयार केलेली त्रिमितीय प्रतिकृती हेच दाखवते की जहाज न उचकटता त्याचा अभ्यास होऊ शकतो. वस्तू काढणे क्वचित आवश्यक ठरते, मात्र ते का आवश्यक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी नेहमी काढणाऱ्याचीच असते.