हत्ती आणि तट्टू

मंडळी, पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहिलात ना? त्यावर लांब, अणकुचीदार खिळे आहेत. ते कशासाठी? हत्तीने धडक देऊन दार फोडू नये म्हणून. असा हा हत्तीचा दरारा!

पण या बळाची किंमतही पाहा. घोडी ११ महिन्यांत विते, हत्तिणीला २२ महिने लागतात. थोरल्या हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा हवा. शिवाय तो बिथरला, की आपल्याच माणसांना तुडवतो. १५२६ साली पानिपतावर इब्राहिम लोदीकडे हजारभर हत्ती असल्याचे बाबराने लिहून ठेवले आहे. पण बाबराच्या तोफा आणि घोडदळापुढे त्यांचे काही चालले नाही.

आता आपले भीमथडीचे तट्टू घ्या. भीमा-नीरेकाठचे हे जनावर अंगाने लहान, पण काटक. थोड्या दाणावैरणीवर लांबची मजल मारणारे. संताजी-धनाजींचे स्वार अशा घोड्यांवरून यायचे, छापा घालायचे आणि मोगल सावध होईतो पसार व्हायचे. हत्ती, तोफा, बाजारबुणगे यांनी जड झालेल्या छावणीला त्यांचा पाठलाग झेपत नसे. १७०७ साली औरंगजेब अहमदनगरजवळ वारला. मराठे काही नमले नव्हते.

गुरुजी, मुलांना सनावळ्या जरूर शिकवा. पण मेंढरांमागे धनगरांचे बिऱ्हाड वाहणारी लहानशी घोडी आजही दिसतात, तीही दाखवा. स्वराज्य राखताना माणसाबरोबर जनावरही राबले, हे पोरांना कळू द्या.