'गॅप' आणि क्ष-किरण

‘मणक्यात गॅप पडली आहे’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. वस्तुतः चकती झिजली की क्ष-किरणचित्रात दोन मणक्यांमधली फट कमी झालेली दिसते. जे कमी झाले त्यालाच आपण ‘पडले’ म्हणतो. या गैरसमजाचे मूळ शोधू लागलो, तर आपण थेट पहिल्या क्ष-किरणचित्रांपर्यंत जाऊन पोहोचतो.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्युर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म रोंटगेनला या किरणांचा शोध लागला. त्यांचे स्वरूप ठाऊक नसल्याने त्याने त्यांना ‘एक्स’ म्हटले. बीजगणितातल्या अज्ञात राशीसाठी असलेला आपला ‘क्ष’ इथे चपखल बसला. २२ डिसेंबरला त्याने पत्नी बेर्टा हिच्या हाताचे चित्र घेतले. त्यात मांस पुसट, हाडे गडद, अंगठी अधिकच गडद. ‘छायाचित्र’ हा शब्द इथे अक्षरशः खरा ठरतो, कारण हाडातले कॅल्शियम किरण अडवते आणि मागे सावली उमटते. मात्र बोटांच्या सांध्यांत दिसणारी पोकळी ही पोकळी नव्हे. तिथे कूर्चा असते. तिची सावली पडत नाही, एवढेच.

सांध्यांच्या निदानाची सगळी विद्या या न दिसणाऱ्या कूर्चेभोवती उभी राहिली. फट अरुंद झाली, म्हणजे कूर्चा झिजली, असे अनुमान करायचे. म्हणून गुडघ्याचे चित्र शक्यतो रुग्णाला उभे करून काढतात. आडवे निजवल्यास भार पडत नाही आणि झीज लपून राहू शकते. अस्थिभंगासाठी एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी चित्रे घेतात, कारण एकच सावली फसवू शकते.

१९७३ साली पॉल लाउटरबरने चुंबकीय अनुनादातून प्रतिमा घडविण्याची रीत प्रसिद्ध केली. तिच्यातून पुढे आलेला एमआरआय प्रामुख्याने पाण्यातल्या व चरबीतल्या हायड्रोजनचा वेध घेतो. त्यामुळे कूर्चा, अस्थिबंध आणि मणक्यांमधली ‘गादी’ प्रथमच स्पष्ट दिसू लागली.

अज्ञात संपले, असे आपल्याला वाटावे, तोच नवा पेच उभा राहिला. पाठदुखी मुळीच नसलेल्या लोकांच्या तपासण्यांचा एक आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्यांत झीज आढळते. म्हणजे झीज दिसली, म्हणून दुखण्याचे कारण सापडलेच, असे नाही.

अहवालातल्या एका शब्दाने घाबरून वाकणे, चालणे, उचलणे सोडून देणारी माणसे आपण पाहतो. त्यांना सांगायला हवे, की चित्र हा पुरावा आहे, निवाडा नव्हे. निवाड्यासाठी वैद्याचा हात आणि रुग्णाचे बोलणे आजही लागते. वेदनेची सावली अजून कुठल्याही काचेवर पडलेली नाही. तिच्यापुरता ‘क्ष’ अजून क्षच आहे.