अफूची डबी आणि माणसाचा शब्द

माळव्याची अफू एके काळी इंदूरच्या वैभवाचा मोठा आधार होती. १८३० नंतर कंपनी सरकारचा परवाना-कर भरून ती मुंबईमार्गे चीनकडे जाई, आणि तिच्या भावाच्या चढउतारावर पेढ्या उभ्या राहत व बुडत. या व्यापाराची घरगुती बाजू म्हणजे फडताळातील लहानशी डबी. सांधे धरले, खोकला थांबेना, की तीच मात्रा. वेदना निववणारी ही वस्तू जीवही घेऊ शकते, हे घरातील वडीलधारी जाणून असत. म्हणून ती कुलुपात राही. १८७८ मध्ये इंदुरात वैद्यकीय शाळा निघाली, तेव्हा चिवट दुखण्यावर डॉक्टरांपाशी तरी अफू व तिचे सत्त्व मॉर्फीन यांहून प्रभावी असे काय होते?

दुखण्याला कंटाळून जीव देऊ पाहणारा वाचला, तर तो आरोपी ठरे. १८६० च्या दंडसंहितेतील ३०९ व्या कलमाने त्याला एक वर्षापर्यंत कैद सांगितली होती. साहजिकच घरचे लोक ‘अपघात’ म्हणून वेळ मारून नेत, आणि ज्याला बोलण्याची सर्वाधिक गरज त्याचेच तोंड बंद होई.

वेदनेविषयीची समजूतही साधी होती. जखमेपासून मेंदूपर्यंत दोरी ओढल्यासारखा संदेश जातो, हे सतराव्या शतकातील देकार्तचे चित्र दीर्घकाळ टिकले. जखम दिसत नसेल तर दुखणे ‘मनाचे’, म्हणजे खोटे! १९६५ मध्ये मेलझॅक व वॉल या शास्त्रज्ञांनी मज्जारज्जूत जणू एक दार असते, आणि भीती, लक्ष, पूर्वानुभव यांनी ते कमीअधिक उघडते, असे मांडले. तपशील पुढे बदलले. परंतु खऱ्या वेदनेतही मनाचा वाटा असतो, हे मान्य झाले. अमेरिकेत फोर्डाइसने रुग्णाच्या वागण्यावर उपचार सुरू केले. ॲरन बेकने निराशेच्या विचारांकडे लक्ष वेधले.

हे महत्त्वाचे आहे, कारण दीर्घ वेदनेच्या रुग्णांत आत्महत्येचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट आढळतो, आणि तो केवळ दुखण्याच्या तीव्रतेने ठरत नाही. ‘हे कधीच थांबणार नाही’, ‘मी घराला ओझे झालो’ हे विचार, मोडलेली झोप, सुटलेले काम यांचा त्यात मोठा हात असतो. मानसोपचार तेथे हात घालतो. रुग्ण दिवसाची टिपणे ठेवतो, थोडे चालून थांबायला शिकतो, त्या विचारांची उलटतपासणी करतो. वेदना त्याने फारशी उणावत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तिच्यासह जगणे मात्र पुष्कळांना जमू लागते. संकटाच्या क्षणासाठी एक लेखी आराखडाही करतात: कोणती खूण धोक्याची, कोणाला हाक मारायची, आणि घरातील घातक औषधे कोणाच्या ताब्यात द्यायची. जुन्या घरांतील ते कुलूप येथे पुन्हा भेटते.

औषधांची हेळसांड मात्र झाली. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्यांचे असे जाळे विणले, की मंदसौर-नीमचच्या शेतांत अफू पिके, आणि कर्करोग्याला मॉर्फीनची गोळी दुर्मिळ होई. २०१४ च्या दुरुस्तीने ती अडचण कमी करण्याचा मार्ग काढला.

कायद्याचा दगड हलविला तो प्रथम मुंबईने. अपघातातील दुखापतीनंतर मन बिघडलेल्या एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कलम ३०९ घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तेच मत दिले, आणि १९९६ मध्ये ते फिरविले. अखेर २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ मध्ये अमलात आला. असा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे, आणि त्याच्या उपचाराची तजवीज सरकारने करावी, असे त्याने ठरविले. १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत ते जुने कलम नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा उरला आहे.

ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही दूरध्वनी सेवा रात्रंदिवस चालते. तेथे मराठीतही बोलता येते.