वीस डॉलरांचे कोडे : आयपॉड टच, एन्रॉन आणि हिशेबाचा एक नियम

१५ जानेवारी २००८. सॅन फ्रान्सिस्को येथील मॅकवर्ल्ड संमेलनात ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी आयपॉड टचसाठी पाच ॲप्स जाहीर केली : मेल, नकाशे, हवामान, टिपणवही आणि शेअर बाजार. नवा टच घेणाऱ्यास ती मोफत मिळणार होती. ज्यांनी आधीच्या चार महिन्यांत टच विकत घेतला होता, त्यांना मात्र त्यांसाठी २० डॉलर मोजावे लागणार होते.

सर्वांत आधी रांगेत उभे राहिलेल्या ग्राहकांवरच हा भुर्दंड पडला. शिवाय ही पाचही ॲप्स आयफोनवर पहिल्या दिवसापासून होती आणि आयफोनधारकांकडून कोणी एक छदामही मागितला नव्हता. पुढे कंपनीकडून जे कारण सांगितले गेले ते तंत्राचे नव्हते, हिशेबाच्या नियमाचे होते. अनेकांनी ते बहाणा समजून सोडून दिले.

तो निव्वळ बहाणा नव्हता. हा धागा त्या वीस डॉलरांचा आहे, आणि त्याचे एक टोक ज्या कंपनीपाशी पोहोचते तिचे नाव रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्याला चांगलेच परिचित आहे.

प्रथम वस्तूची ओळख.

पहिला आयपॉड २३ ऑक्टोबर २००१ रोजी आला. ५ गिगाबाइटची चिमुकली हार्ड डिस्क, फिरवायचे चक्र, छोटा कृष्णधवल पडदा, किंमत ३९९ डॉलर आणि खिशात एक हजार गाणी. साडेपाच वर्षांत, म्हणजे एप्रिल २००७ पर्यंत, दहा कोटी आयपॉड विकले गेल्याचे कंपनीने जाहीर केले. संगीत ऐकण्याचे यंत्र म्हणजे आयपॉड, असे समीकरण तोवर जगभर रूढ झाले होते.

९ जानेवारी २००७ रोजी जॉब्ज यांनी आयफोन दाखवला तो तीन उपकरणांचा संगम म्हणून : रुंद पडद्याचा स्पर्शाने चालणारा आयपॉड, मोबाइल फोन आणि इंटरनेटचे साधन. त्यातले पहिले उपकरण आठच महिन्यांनी, ५ सप्टेंबर २००७ रोजी, स्वतंत्र वस्तू म्हणून बाहेर पडले. हाच आयपॉड टच.

जाडी अवघी ८ मिलिमीटर, वजन १२० ग्रॅम, पाठ आरशासारखी चकचकीत पोलादाची. पुढे साडेतीन इंची, ४८० बाय ३२० बिंदूंचा पडदा आणि त्याखाली एकच गोल कळ. वायफाय, सफारी ब्राउझर, यूट्यूब, आणि थेट यंत्रावरूनच गाणी विकत घेण्याची सोय. कंपनीच्या दाव्यानुसार एका चार्जिंगमध्ये २२ तास संगीत किंवा ५ तास चित्रफिती चालत.

स्पर्शाने चालणारा हा पहिला प्लेअर नव्हे. हा गैरसमज आजही आढळतो. कोरियातील कोवोन कंपनीचा डी-२ त्याआधीच बाजारात होता. फरक पडद्याच्या जातीचा होता. डी-२ च्या पडद्यात दोन पातळ थर असत. नखाने किंवा काडीने दाबले की ते एकमेकांना टेकत आणि यंत्राला जागा कळे. टचच्या काचेखाली विद्युतभाराचे जाळे होते. बोट जवळ येताच त्या भारात होणारा बदल यंत्र मोजत असे. त्यामुळे दाबण्याची गरज उरली नाही, आणि एकाच वेळी दोन बोटांचा माग घेता येऊ लागला. चिमटीने छायाचित्र लहानमोठे करणे यातूनच शक्य झाले. या विद्येत मुरलेली फिंगरवर्क्स ही डेलावेअरमधील छोटी कंपनी ॲपलने २००५ मध्येच विकत घेतली होती.

आता या वस्तूत काय नव्हते ते पाहू. इतिहासाच्या दृष्टीने ही यादी अधिक बोलकी आहे.

कॅमेरा नव्हता, मायक्रोफोन नव्हता, ब्लूटूथ नव्हते. गाणी ऐकण्याच्या यंत्राला आवाज कमीजास्त करण्याची कळसुद्धा नव्हती. आणि सर्वांत विलक्षण म्हणजे, त्यात कॅलेंडर होते, पण त्यात नवी नोंद करता येत नव्हती! संगणकावरून आलेल्या नोंदी फक्त वाचायच्या. आयफोनवरच्या तशाच कॅलेंडरमध्ये नोंद करता येत असे. ती सोय टचला काही आठवड्यांनी, नोव्हेंबरमधील सुधारित आवृत्तीत मिळाली. कॅमेरा न देण्यामागे खर्च असू शकतो. नोंद करण्याचे बटण काढून टाकण्याने मात्र एक पैसाही वाचत नाही. फोन आणि प्लेअर यांच्यामध्ये एक कुंपण राहावे, एवढाच त्याचा अर्थ लागतो.

कुंपणाची गरज आकड्यांतून समजते. ८ गिगाबाइटचा आयफोन जूनमध्ये ५९९ डॉलरला आला आणि टचच्याच कार्यक्रमात त्याची किंमत एकदम ३९९ वर आली. शिवाय अमेरिकेत त्यासाठी एटी अँड टी कंपनीशी दोन वर्षांचा करार बंधनकारक होता. सर्वांत स्वस्त योजना महिना ६० डॉलरची, म्हणजे दोन वर्षांचे १,४०० डॉलरहून अधिक. याउलट टचची सुरुवात २९९ डॉलरपासून होती आणि मासिक हप्ता शून्य. आयफोनच्याच ३९९ डॉलरमध्ये १६ गिगाबाइटचा, म्हणजे दुप्पट साठ्याचा टच मिळत असे. घरात वायफाय असलेल्या शाळकरी मुलासाठी निवड अवघड नव्हती.

हौशी मंडळींनी हे कुंपण लवकरच ओलांडले. ऑक्टोबर २००७ मध्ये सफारीतून एक संकेतस्थळ उघडले की टच 'जेलब्रेक' होऊ लागला. टिफ प्रकारची चित्रे वाचणाऱ्या प्रणालीतील एका त्रुटीचा त्यात उपयोग केलेला होता. पाठोपाठ आयफोनवरचे मेल आणि नकाशे टचवर चढवले गेले आणि व्यवस्थित चाललेही. म्हणजे यंत्रात क्षमता होती. जानेवारीत ज्यासाठी २० डॉलर मागितले गेले, ते काही घरांत तीन महिन्यांपासून फुकट चालू होते.

मग कंपनीने ते सरळ मोफत का दिले नाही? यासाठी पुन्हा २००१ मध्ये जावे लागते.

१६ ऑक्टोबर २००१ रोजी टेक्सासमधील ह्यूस्टनच्या एन्रॉन कंपनीने एका तिमाहीत सुमारे ६२ कोटी डॉलरांचा तोटा जाहीर केला. २२ ऑक्टोबरला शेअर बाजाराच्या नियामक संस्थेची चौकशी सुरू झाल्याचे तिने मान्य केले. पहिला आयपॉड दाखवला गेला तो याच्या दुसऱ्या दिवशी. २ डिसेंबरला एन्रॉन दिवाळखोरीत गेली. गुहागरजवळचा दाभोळ वीज प्रकल्प याच कंपनीचा. वीजदरावरून महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी वाद पेटून तो त्याच वर्षी बंदही पडला होता. त्यामुळे मराठी वाचकाला एन्रॉन आठवते ती दाभोळमुळे. अमेरिकेला आठवते ती खोट्या ताळेबंदांमुळे.

एन्रॉनच्या अनेक क्लृप्त्यांपैकी एक येथे महत्त्वाची आहे. दीर्घ मुदतीचा करार झाला की त्यातून पुढील अनेक वर्षांत मिळू शकणारा अंदाजित नफा ती आजच्याच हिशेबात धरी. एन्रॉन आणि त्यापाठोपाठ वर्ल्डकॉमचे पितळ उघडे पडल्यावर ३० जुलै २००२ रोजी सार्बेन्स-ऑक्सले कायदा झाला. कंपनीच्या प्रमुखाने आणि वित्तप्रमुखाने हिशेबांच्या खरेपणाची स्वतः सही करून हमी द्यायची, आणि जाणूनबुजून खोटी हमी दिल्यास २० वर्षांपर्यंत तुरुंगवास.

सॉफ्टवेअरचे उत्पन्न केव्हा धरावे याचा नियम त्याहून जुना, १९९७ चा. त्याचे सार असे : वस्तू विकताना पुढे काही सुविधा मोफत देण्याचे तुम्ही सुचवले असेल, तर ती विक्री अजून पूर्ण झालेली नाही, तेव्हा सगळे पैसे आज कमावले असे दाखवता येणार नाही. नवा कायदा आल्यावर या जुन्या नियमाला धार आली. ॲपलला तर जपून राहण्याचे आणखी एक कारण होते. कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअर-पर्यायांच्या तारखांमधील अनियमितता २००६ मध्ये उघड होऊन तिला जुने हिशेब दुरुस्त करावे लागले होते.

आयफोनसाठी कंपनीने एक वाट निवडली. त्याचे उत्पन्न विक्रीच्या दिवशी न धरता २४ महिन्यांत विभागून दाखवायचे. मग त्या दोन वर्षांत नव्या सुविधा मोफत देण्यास आडकाठी नाही. टचसाठी दुसरी वाट निवडली : इतर आयपॉडप्रमाणे संपूर्ण उत्पन्न विक्रीच्या दिवशीच धरायचे. त्या वाटेवर नवी सुविधा मोफत देणे म्हणजे आधीचा हिशेब चुकीचा होता अशी कबुली देण्यासारखे होते. म्हणून किंमत लावणे आले.

येथे कंपनीला सरसकट दोषमुक्त करण्याचे कारण नाही. किंमत लावणे नियमातून आले, पण ती २० डॉलर असावी असे कोणत्याही नियमात लिहिलेले नव्हते. वर्षभरापूर्वी, २००७ च्या आरंभी, याच कारणास्तव मॅक संगणकांमधील वेगवान वायफाय सुरू करून देण्यासाठी ॲपलने १ डॉलर ९९ सेंट घेतले होते. आणि दोन वाटांपैकी टचसाठी कोणती धरायची, हाही निर्णय कंपनीचाच होता.

जुलै २००८ मध्ये ॲप स्टोअर उघडले. पहिल्या तीन दिवसांतच एक कोटी ॲप्स उतरवून घेतली गेली. आयफोनधारकांना हे दार मोफत उघडले. टचधारकांना ९ डॉलर ९५ सेंट देऊन नवी प्रणाली घ्यावी लागली. पुढच्या वर्षीच्या तिसऱ्या आवृत्तीलाही तेवढेच पैसे पडले. तरीही लोकांनी ते भरले, कारण आता प्रश्न पाच ॲप्सचा नव्हता.

टचचा कायापालट येथे झाला. सप्टेंबर २००८ मधील दुसऱ्या टचला आवाजाच्या कळा आणि छोटा स्पीकर मिळाला, आणि त्याची जाहिरात खेळांवर भर देऊन होऊ लागली. सप्टेंबर २००९ मध्ये जॉब्ज यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या प्रतिनिधीपाशी मोकळेपणाने सांगितले की, हा टच नेमका काय म्हणून विकावा हे सुरुवातीला कंपनीलाच ठाऊक नव्हते. तो खेळाचे यंत्र आहे हे ग्राहकांनी दाखवून दिले. त्या वर्षीही टचला कॅमेरा न देण्याचे त्यांनी दिलेले कारण किमतीचे होते. ॲप स्टोअरमध्ये शिरण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणून टच १९९ डॉलरवर आणायचा होता.

संगीताचा त्यात उल्लेख नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्याच वर्षअखेरीस ॲपलच्या स्वतःच्या दुकानांत विक्रेते हाती टच घेऊन ग्राहकांची कार्डे स्वीकारू लागले. त्या कामासाठी तोवर त्यांच्या हातात विंडोजवर चालणारी यंत्रे होती!

हिशेबाचा नियम बदलला तोही २००९ च्या सप्टेंबरमध्येच. अमेरिकेच्या लेखामानक मंडळाने मान्य केलेल्या सुधारणेनुसार, पुढे द्यायच्या सॉफ्टवेअरचे अंदाजित मूल्य तेवढे बाजूला काढून उरलेले उत्पन्न विक्रीच्या दिवशीच धरता येऊ लागले. ॲपलने स्वतः या बदलाचा पाठपुरावा केला होता. जून २०१० मध्ये आयओएस ४ आली ती टचधारकांनाही मोफत.

त्यानंतरची कथा थोडक्यात संपते. २०१० मध्ये दोन कॅमेरे आणि चौपट बिंदूंचा पडदा, २०१२ मध्ये चार इंची पडदा आणि रंगीत पाठ, २०१५ आणि २०१९ मध्ये केवळ आतले सुटे भाग नवे. दरम्यान फोन स्वस्त झाले, मुलांच्या हाती पोहोचले आणि कुंपणाच्या दोन्ही बाजूंना एकच वस्तू उरली. चक्राचा आयपॉड क्लासिक २०१४ मध्ये बंद झाला, नॅनो आणि शफल २०१७ मध्ये. आयपॉड हे नाव धारण करणारा टच एकटाच मागे राहिला.

१० मे २०२२ रोजी ॲपलने जाहीर केले की साठा असेपर्यंतच टच विकला जाईल. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयओएस १६ आली. तीही मोफत होती, पण ज्या यंत्रांवर ती चालते त्यांच्या यादीत एकही टच नव्हता.