ज्युबिली, ऋणमुक्ति आणि देवावरील भरंवसा

आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्ण-ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत आम्हींहि चार शब्द लिहावे, असा समितीच्या मंडळींचा आग्रह पडला. मंदिर केव्हां बांधलें, घंटा कोणीं दिली, कोणते धर्मगुरु केव्हां आले व केव्हां गेले, हा वृत्तान्त अन्यत्र आलाच आहे. त्याची पुनरुक्ति न करितां, 'ज्युबिली' या शब्दाच्या पोटीं जो एक विसरलेला अर्थ दडलेला आहे त्याचा इतिहास वाचकांपुढें मांडावा, असें आम्हीं योजिलें आहे. तो अर्थ पैशाशीं, कर्जाशीं आणि देवावरील भरंवशाशीं निगडित आहे.

जुन्या करारांतील लेवीय या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायांत ज्युबिलीचा मूळ नियम सांपडतो. सात वेळां सात वर्षें लोटलीं म्हणजे पन्नासाव्या वर्षीं, प्रायश्चित्ताच्या दिवशीं, शिंग फुंकावें. विकलेलें वतन मूळ कुळाकडे परत जावें. आणि दारिद्र्यामुळें दुसऱ्याच्या घरीं राबणाऱ्या बांधवानें मोकळें होऊन आपल्या घरीं परतावें, असा तो नियम. त्याच अध्यायांत दर सातव्या वर्षीं जमीन पडीक ठेवण्याचीहि आज्ञा आहे. मग शेतकऱ्याच्या मनांत साहजिकच प्रश्न उभा राहतो : पेरणी नाहीं, कापणी नाहीं, तर आम्हीं खावें काय ? विशेष हें कीं, देवानें हा प्रश्न अधर्म म्हणून झिडकारला नाहीं. लोक तो विचारतील हें जाणून त्यानें आधींच उत्तर दिलें : सहाव्या वर्षीं तीन वर्षें पुरेल इतकें पीक येईल. अडचणींत सांपडलेल्या बांधवाला सोडविणें आणि उद्यांच्या अन्नाविषयीं देवावर विसंबणें, या दोन गोष्टी धर्मशास्त्रानें अशा एकाच ठिकाणीं सांगितल्या आहेत. आणि तें योग्यच आहे. ज्याला उद्यांचें भय वाटतें त्याची मूठ उघडत नाहीं. आणि कोणाची तरी मूठ उघडल्यावांचून गरिबाचें ऋण फिटत नाहीं.

येथें कोणी विचारील, देवावर विसंबावयाचें तर मग हिशेब, वही, शिल्लक यांची उठाठेव कशाला ? हा प्रश्न जुना आहे, व ख्रिस्तसभेच्या इतिहासांत त्याचीं दोन प्रकारचीं उत्तरें आढळतात.

पहिलें उत्तर प्रेषितांच्या काळींच मिळालें. जेरुसलेमच्या गरीब ख्रिस्ती बांधवांसाठीं संत पौलानें ठिकठिकाणच्या ख्रिस्तसभांकडून वर्गणी गोळा केली. करिंथकरांना त्यानें लिहिलें कीं, प्रत्येकानें आठवड्याच्या पहिल्या दिवशीं आपल्या प्राप्तीच्या मानानें कांहीं बाजूला काढून ठेवावें. मासेदोनियांतील ख्रिस्ती लोक स्वतः अत्यंत हलाखींत होते. तरी या सेवेंत आम्हांलाहि वांटा मिळावा, अशी त्यांनींच विनवणी केली. परंतु ही रक्कम पोंचवितांना संत पौलानें ख्रिस्तसभांनीं निवडलेला माणूस बरोबर घेतला. कां, तर एवढ्या मोठ्या दानाविषयीं कोणासहि बोट ठेवण्यास जागा राहूं नये. ज्या प्रेषितानें देवावरील श्रद्धेसाठीं प्राण दिला, त्यानें पैशाच्या बाबतींत मात्र साक्षीदार सोडला नाहीं.

मध्ययुगांत इटलीच्या नगरांतून गोरगरीब लोक जबर व्याजानें गांजले, तेव्हां फ्रान्सिस्कन संन्याशांनीं नवीन मार्ग काढला. १४६२ सालीं पेरुजा नगरींत त्यांच्या उपदेशानें 'मोंते दि पिएता' म्हणजे दयेचा निधि स्थापन झाला. धनिकांनीं या निधींत दान टाकावें, आणि गरजवंतानें एखादी वस्तु तारण ठेवून त्यांतून लहानशी रक्कम उचलावी, अशी ही व्यवस्था होती. पुढें, नोकरांचे पगार व इतर खर्च भागविण्यापुरतें थोडें व्याज घ्यावें किंवा नाहीं, यावर मोठा वाद माजला. असा आधार नसेल तर निधि आटून जाईल व गरीब पुन्हां उघडे पडतील, असा धन्यवादित बर्नार्दीन द फेल्त्रे यांचा पक्ष होता. १५१५ सालीं पोप दहावे लिओ यांच्या कारकीर्दींत पांचव्या लॅटरन धर्मपरिषदेनें या निधींना मान्यता दिली.

फ्रान्स देशांतील संत विन्सेंट दि पॉल यांची हकीकत याहून बोलकी आहे. १६१७ सालीं ते शातियों या गांवीं धर्मगुरु असतां, एका रविवारीं मिस्सेच्या तयारींत असतांनाच त्यांना कळलें कीं, गांवाबाहेरच्या एका घरांत सारीं माणसें आजारी पडलीं असून शुश्रूषेला कोणीच नाहीं. त्यांनीं प्रवचनांत ही गोष्ट सांगितली. दुपारीं स्वतः तिकडे निघाले तों वाटेवर बायकांची रीघ लागलेली; कोणी जात आहे, कोणी परतत आहे. त्या घरीं अन्नाचा ढीग पडला. हें पाहून संतांना आनंद झाला, तसाच खेदहि झाला. आजचें हें अन्न नासून जाईल, आणि उद्यां तें घर पुन्हां उपाशी, हें त्यांच्या ध्यानांत आलें. प्रेम होतें, व्यवस्था नव्हती. म्हणून कांहीं दिवसांतच त्यांनीं तेथील स्त्रियांचा एक संघ उभारला, रुग्णसेवेच्या पाळ्या लाविल्या, व जमाखर्चाची जबाबदारी नेमून दिली. ईश्वरी पालनकृपेच्या पुढें धांवूं नये, तिच्या मागून चालावें, असा त्यांचा उपदेश असे. आणि तिच्या मागून चालतांना वही लिहिण्यास ते कधीं चुकले नाहींत.

आतां दुसरें उत्तर पाहूं. संत जोसेफ बेनेदिक्त कोत्तोलेंगो यांचा जन्म १७८६ सालीं उत्तर इटलींतील ब्रा या गांवीं झाला. १८११ सालीं ते धर्मगुरु झाले व पुढें तुरिन शहरांत कॅनन पदावर नेमले गेले. चाळिशीपर्यंत त्यांचें आयुष्य चारचौघां धर्मगुरूंसारखेंच होतें. १८२७ सालीं संत विन्सेंट दि पॉल यांचें चरित्र त्यांच्या वाचनांत आलें. त्याच वर्षीं २ सप्टेंबर रोजीं एका मरणोन्मुख परदेशी स्त्रीला अंतिम अभ्यंग देण्यासाठीं त्यांना बोलावणें आलें. ती फ्रेंच स्त्री पति व मुलांसह प्रवास करीत असतां तुरिनमध्यें आजारी पडली होती. ती गर्भवती, म्हणून एका रुग्णालयानें घेतली नाहीं. तिला ताप, म्हणून प्रसूतिगृहानें घेतली नाहीं. शेवटीं एका निवाऱ्याच्या जागीं, रडणाऱ्या मुलांदेखत तिनें प्राण सोडला. कोत्तोलेंगो तेथून उठले ते थेट मंदिरांत जाऊन गुडघे टेकून बसले. नियमाप्रमाणें कोणाचेंच चुकलें नव्हतें, आणि एक आई मेली होती.

त्यांनीं आपली चीजवस्तु विकली आणि १८२८ च्या जानेवारींत भाड्याच्या खोल्यांत कांहीं खाटा मांडल्या. ज्याला कोणीच घेत नाहीं त्याच्यासाठीं त्या खाटा. १८३१ सालीं पटकीच्या भयानें सरकारनें तें स्थान बंद करविलें. तेव्हां त्यांनीं आपल्या ब्रा गांवच्या माळ्यांचा अनुभव सांगितला : कोबीचें रोप उपटून दुसरीकडे लाविल्याखेरीज गड्डा धरीत नाहीं. आमच्या वाडीवाल्या वाचकांना यांतील मर्म समजावून सांगण्याची गरज नाहीं. १८३२ च्या २७ एप्रिल रोजीं एका रुग्णाला गाढवाच्या गाडींत घालून, दोन सेविकांसह, ते शहराच्या कडेच्या वाल्दोक्को भागांत आले. तेथें त्यांनीं जें घर उघडलें त्याला 'ईश्वरी पालनकृपेचें छोटें घर' असें नांव दिलें. त्या छोट्या घराभोंवतीं हळूहळू घरांची एक वसाहतच उभी राहिली : अनाथांसाठीं, मुक्याबहिऱ्यांसाठीं, फेफरेंकऱ्यांसाठीं, वृद्धांसाठीं.

आणि या साऱ्याचा जमाखर्च ? तो कोत्तोलेंगो ठेवीत नसत. शिल्लक साठवीत नसत, ठरीव उत्पन्नाची मागणी करीत नसत. अन्न कमी पडलें तर, कोठें एखादी खाट रिकामी राहिली आहे काय, याचा ते शोध घेत; गरिबाला दार बंद झालें म्हणून देवाचा हात आंखडला, असा त्यांचा निष्कर्ष असे. घरांत प्रार्थना मात्र अखंड चालूं ठेविली होती. सावकार दारीं येत, उधारी थकत असे, हेंहि लपविण्याचें कारण नाहीं. १८४२ च्या ३० एप्रिल रोजीं विषमज्वरानें किएरी येथें त्यांचें देहावसान झालें. तेव्हां त्यांचें वय ५५ होतें. म्हणजे आज हा लेख लिहितांना जवळजवळ आमचें आहे तेवढेंच. १९३४ सालीं पोप अकरावे पायस यांनीं त्यांना संतपद दिलें. तुरिनमधील तें घर आजहि चालूं आहे.

एक संत वही लिहितो, दुसरा लिहीत नाहीं. मग खरा भरंवसा कोणाचा? आमच्या मतें दोघांचाहि. कोत्तोलेंगोंसारखें पाचारण लाखांत एकाला येतें. त्यांचें अनुकरण म्हणून जो आपल्या मुलाबाळांच्या पोटाकडे पाहणार नाहीं तो संत नव्हे, निष्काळजी होय. परंतु दोघांच्याहि मनांत एक गोष्ट समान होती. देवाकडून आलेला पैसा वाटेंत अडकूं द्यावयाचा नाहीं. संत विन्सेंट यांनीं वही लिहिली ती पैसा गरिबापर्यंत पोंचावा म्हणून. कोत्तोलेंगोंनीं शिल्लक ठेविली नाहीं तीहि त्यासाठींच.

या इतिहासाचा एक धागा आमच्या वसईपर्यंत येऊन पोंचला आहे. कर्जबाजारीपणा हें महाराष्ट्रांतील शेतकऱ्याचें जुनें दुखणें. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतपत्रें जाळलीं, हें सर्वश्रुत आहे. १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, आणि १९१८ सालीं मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनीं वसईच्या कॅथलिक समाजासाठीं सहकारी पतपेढी स्थापन केली. भात, केळी व पानवेल पिकविणाऱ्या साध्या माणसांना सावकाराच्या पाशांतून सोडवावें, हा त्या धर्मगुरूंचा हेतु होता. तीच संस्था आज बॅसिन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून उभी आहे. सहकारी पतपेढी म्हणजे तरी काय ? दहाजणांच्या थोड्याथोड्या ठेवी एकत्र कराव्या, आणि शेजाऱ्यानें शेजाऱ्याला जामीन राहावें. पेरुजाचा दयेचा निधि आणि ही पेढी, यांत अंतर साडेचारशें वर्षांचें. विचार बहुतांशीं एकच.

येथवर दुसऱ्यांचें सांगितलें. आतां आमचें एक सांगणें भाग आहे. फार वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका धर्मग्रामांत आम्ही तरुण धर्मगुरु असतां, पाऊस तोंडावर आला होता आणि मंदिराचीं कौलें फेरावयाचीं होतीं. रक्कम कमी पडेल या भयानें आम्हीं गरिबांच्या पेटींतील पैसाहि राखून ठेविला. एका शनिवारीं सायंकाळीं एक गृहस्थ दारीं आला. त्याचें मूल रुग्णालयांत होतें. "फादर, थोडी मदत झाली तर बरें होईल," एवढेंच तो बोलला. आम्हीं त्याला पावसाळ्यानंतर येण्यास सांगितलें. तो पुन्हां आला नाहीं. मूल देवाच्या दयेनें वांचलें; पण त्यासाठीं त्यानें बायकोचे दागिने गहाण टाकले होते. व्याज चढत गेलें व दागिने बुडाले. मंदिराचें छप्पर त्या वर्षीं एक थेंबहि गळलें नाहीं. त्या कोरड्या छपराखालीं ती बाई दर रविवारीं मोकळ्या गळ्यानें मिस्सेला बसलेली दिसे, आणि वेदीवरून लोकांकडे तोंड करितांना आमची नजर खालीं जाई. आमच्या वहींत एका पैशाची चूक नव्हती. चूक वहीच्या बाहेर होती. उद्यांच्या पावसाला भिऊन आम्हीं आजच्या माणसाला परत पाठविलें होतें.

म्हणून या ज्युबिलीच्या वर्षीं आम्ही आपल्या धर्मग्रामस्थांपुढें तीन सूचना नम्रपणें ठेवितों. पहिली अशी कीं, मंदिराच्या दाराशीं असलेली गरिबांची पेटी दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं दोन साक्षीदारांसमक्ष उघडावी, रक्कम वहींत लिहावी, आणि पुढील पेटी उघडण्यापूर्वीं ती गरजवंतांस वांटून संपवावी. मंदिराच्या दुरुस्तीसाठीं तिला कोणीं, धर्मगुरूनेंहि, हात लावूं नये. दुसरी अशी कीं, लग्नकार्यांत मंडप, बँड व जेवणावळी यांसाठीं कर्ज काढण्याची जी चाल वाढत आहे, तिला मोठ्या घरांनींच आधीं आळा घालावा. कारण धाकटीं घरें त्यांच्याकडे पाहूनच ऋणांत उतरतात. तिसरी सूचना ज्यांनीं शेजाऱ्याला किंवा भाऊबंदाला हातउसने पैसे दिले आहेत त्यांच्यासाठीं आहे. तें देणें फेडण्याची ज्याला खरोखरच ताकद नाहीं, त्याला या वर्षांत मुदत द्यावी, आणि जमल्यास सोडून द्यावें. ज्युबिलीचें शिंग मुळांत त्यासाठींच फुंकलें जात असे.

प्रभु येशूनें मंदिराच्या दानपेटीसमोर बसून श्रीमंतांचीं दानें पाहिलीं, आणि दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेला सर्वांत वरचें स्थान दिलें. तिच्यापाशीं उद्यांसाठीं कांहीं उरलें नाहीं, हें त्याला ठाऊक होतें. आपल्या धर्मग्रामाचें पहिलें मंदिर ज्यांनीं बांधलें, त्यांतहि अशा दमड्या टाकणाऱ्या आयाबहिणी पुष्कळ असतील. त्यांचीं नांवें कोणत्याहि शिलेवर कोरलेलीं नाहींत. त्यांच्या आत्म्यांस प्रभु चिरशांति देवो, आणि त्यांच्या लेकरांस आजची भाकरी वांटून खाण्याची व उद्यांची भाकरी त्याच्या हातीं सोंपविण्याची बुद्धि देवो, हीच आमची प्रार्थना.